सहावा खडा

दुर्गाघाट, काशी
श्रावणातला सोमवार

प्रिय इरा,

तुला लिहायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. तुझी मालिका आल्यापासून तू फोनवर विचारत राहिलीस, शरू, कशी वाटली, सांग ना, आणि मी दर वेळी हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळी झाले. मोबाइलवर लिहिलं की माझा राग आखूड होतो, आणि हा राग मला आखूड करायचा नाहीये. म्हणून कागद घेतला. तू मुंबईत आहेस तिथे चहा घेऊन बस. मला बरंच बोलायचंय आणि मधे तुला बोलू द्यायचं नाहीये.

आधी मोहल्ल्याची खबर. काशीतल्या मराठी घरावर मालिका निघाली म्हटल्यावर रामघाटापासून इथवर सगळ्यांनी ती पाहिली आणि प्रत्येकाला तिच्यात आपण सापडलो. तुझ्या त्या म्हाताऱ्या वैदिकबुवांनी माकडांना संस्कृतात शिव्या दिल्या ना, तो तुकडा वेणीमाधवकाकांनी सगळ्या पाठशाळेला पाठवला, खाली लिहून की हा मीच. मधुवंती म्हणते, दोन वेण्यांची ती देखणी मुलगी म्हणजे ती. आपण तिच्या वर्गात होतो, तेव्हा देखणेपणाचं काय ते तुला ठाऊक आहे. कहर म्हणजे शेजारची संपदा. लग्न होऊन नागपूरहून आली तेव्हा तुला गाव सोडून किती वर्षं झाली होती. तिनंही स्वतःला शोधून काढलं, गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या सुनेत. आणि निवाडा करायला सगळे येतात माझ्याकडे, कारण शरदिनी पोथ्यांतली बाई, तिला कळणार.

तर मी त्यांना माझ्या कामातली गोष्ट सांगते. हस्तलिखितांच्या संग्रहात बसून आम्ही एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या ओळीला ओळ लावून वाचतो. कोणती पोथी कोणावरून उतरवली ते ठरवायचं असतं. दोन्हीत बरोबर शब्द सारखा असेल तर त्यातून काही सिद्ध होत नाही, बरोबर शब्द सगळ्यांकडे एकच असतो. पण दोघींत एकच चूक एकाच जागी असेल, तर एकीनं दुसरीचं पाहून लिहिलं. मालिकेचंही तसंच. माकडांना संस्कृतात शिव्या न दिलेला वैदिक आख्ख्या रामघाटावर नाही, तेव्हा वेणीमाधवकाका, तो योगायोग. पापड सगळ्या गच्च्यांवर वाळतात, तोही योगायोग. फक्त तुमच्याच घरी होणारा वेडेपणा पडद्यावर दिसला तर या, मग बघू. वेणीमाधवकाका अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दुसऱ्यांचा निवाडा असा पटापट केला. माझा होईना. कारण तुझ्या मालिकेतली ती आई कोण, हे कळायला पोथ्या लागत नाहीत. सुपारी कातरताना उजवा डोळा मिटणारी, जेवायला वाढून झालं की स्वतःसाठी वाटीत फक्त आमटी घेऊन उंबऱ्यावर बसणारी, रागावली की एकदम शुद्ध हिंदीत बोलणारी. ही माझी आई आहे, इरा. तू शेजारची म्हणून जिला काकू म्हणतेस, ती. आणि या माझ्या आईला तुझ्या मालिकेत मूलच नाही. घर तेच, खिडकीतून दिसणारी गंगा तीच, आई तीच, आणि दोन दारं पलीकडची एक पोरकी मुलगी तिच्याकडे येते, तिच्या मांडीवर झोपते, तिची होते. मी कुठे गेले? मागच्या खोलीतसुद्धा ठेवली नाहीस मला.

मला राग आला, असं म्हणणं सोपं आहे. खरं सांगते, मी जळले. आणि तुझ्यावर जळले त्याहून जास्त आईला पाहून जळले. ती टीव्हीसमोर पाय वर घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की माझ्यासाठी तो तसा उजळलेला मी अलीकडे पाहिलेला नाही. तिच्या गुडघ्याला तेल मी लावते. तिची औषधं, तिची एकादशी, बाजारातली तिला हवी तीच भेंडी, सगळं मी. पण मी रोज संध्याकाळी घरी येते, आणि रोज येणाऱ्याला कोणी दारात उभं राहून पाहत नाही. तुझं पत्र आलं, फोन आला, की ती मोहल्लाभर सांगत फिरते. आता तर काय, मालिका. इरेनं मला लक्षात ठेवलं, इरेनं मला लक्षात ठेवलं. मी म्हटलं, इरेला तिकडे बसून लक्षात ठेवावं लागतं, मी इथेच आहे. ती म्हणाली, तू काय, तू घरचीच. तुला ते ऐकायला मिळालं असतं तर तू रडली असतीस. मी भांडी घासली.

म्हणून गौरीचा भाग लागला तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आमच्याकडे खड्यांच्या गौरी, तुला माहीतच आहे, आणि काशीत खडे कुठले? गंगेला इथे नुसता गाळ. मग घाटाच्या जुन्या विटांचे पाण्यानं गोल झालेले तुकडे ज्येष्ठात वेचून डब्यात ठेवायचे, कारण भाद्रपदात गंगा चढते आणि सगळ्या पायऱ्या पाण्याखाली जातात. गौरीच्या दिवशी त्यातले पाच चढल्या पाण्यात बुडवून मुक्यानं घरी आणायचे. हे सगळं तू बरोबर दाखवलंस. आणि मग तुझ्या त्या आईनं ताम्हनात खडे मांडले, आणि ते सहा होते. सहा! मी टीव्ही थांबवून मोजले. गौरी कधी समसंख्येत मांडतात का? मी आईला म्हटलं, बघ, हे तुझ्या इरेचं लक्षात ठेवणं. बाई मुंबईत गेल्या आणि गौरी किती ते विसरल्या. फार दिवसांनी माझं मन थंड झालं होतं.

आई हसली नाही. तिनं मला टीव्ही पुढे चालू करू दिला नाही. मग सुपारीचा अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, त्या वर्षी सहाच होते. म्हणजे मला गोवर निघाला होता आणि रामनगरला मामाकडे ठेवलं होतं, ते वर्ष. त्या श्रावणात तुझी आई गेली होती, तुमच्याकडे गौर बसायची नव्हती. आईनं पाच खडे मांडले आणि मागे पाहिलं तर दारात तू उभी होतीस, मूठ मिटून. मुठीत एक तुकडा होता, एका अंगाला निळी चकाकी असलेला, कुठल्यातरी फुटक्या फरशीचा असावा. तू नुसती मूठ पुढे केलीस म्हणे. आईनं तो घेतला आणि पाचांच्या शेजारी ठेवला. अप्पांनी शास्त्र काढलं, तर आईनं त्यांना शुद्ध हिंदीत गप्प केलं.

इरा, तो निळ्या अंगाचा तुकडा मला माहीत आहे. डब्याच्या तळाशी तो असतो. दर वर्षी पाच खडे विसर्जनाला गंगेत जातात आणि तो एकटा डब्यात परत येतो. मला वाटायचं तो जास्तीचा आहे, एखादा हरवला तर असावा म्हणून ठेवलेला. आईला विचारलं तर म्हणाली, तो दर वर्षी बसतो की, गौरीच्या खणाखाली. त्या वर्षानंतर अप्पांसाठी तिनं तो झाकून ठेवायला सुरुवात केली आणि अप्पा गेल्यावर सवय म्हणून तसाच ठेवत राहिली. म्हणजे इतकी वर्षं मी त्या खणावर हळदकुंकू वाहत होते आणि खाली तू बसली होतीस. आणि मला पोथ्यांतलं कळतं म्हणे. विचित्र दिसणारा पाठ खोडायची घाई करू नका, तोच बहुतेक खरा असतो, असं मी नव्या मुलांना दर जूनमध्ये शिकवते.

त्यानंतर काही दिवस मी आईशी नीट बोलले नाही. तुझ्याशी तर नाहीच. मग पुन्हा एकदा, आई देवळात गेलेली असताना, तो भाग लावला. तुझ्या चुका काढायच्याच असं मनात धरून बसले होते. सांगण्यासारख्या दोनचार सापडल्या. ती बाई नऊवारीत जिना उतरते ती पुण्याची उतरते, आमच्या घाटाकडच्या बायका आडवं पाऊल टाकतात. पण ते असो. ती पोर गौरीची पावलं काढायला बसली. पिठाच्या पाण्यात मूठ बुडवून दारापासून देवघरापर्यंत मुठीची कड उमटवत गेली, वर बोटांचे ठिपके दिले. आणि मी पाहत होते की ती सगळी पावलं डावी आहेत. उजवं एकही नाही.

डावखुरी मी आहे, इरा. डाव्या मुठीनं सगळी पावलं काढायची आणि मग त्या देवीला दोन डावे पाय घेऊन घरभर लंगडत फिरायला लावायची, ती मी. यावरून अप्पा मला चिडवायचे. तू उजव्या हातानं रांगोळी काढायचीस, तीही अशी की सगळ्या बायका बघत राहायच्या. तुझ्या हातून सगळी डावी पावलं निघणार नाहीत. ती मुद्दाम डाव्या मुठीनंच काढावी लागतात. कोणाच्या घरी असं होत नाही, फक्त आमच्याकडे, फक्त मी होते म्हणून. हा योगायोग नाही, हे मी कोणाच्याही पुढे शपथेवर सांगेन. त्या दिवशी मी रामनगरला होते आणि माझ्या घरात बसून तू माझी पावलं काढलीस. तुला एक दिवस माझ्यासारखं व्हायचं होतं. मी त्या घरात नव्हते तो एकच दिवस तू इतकी वर्षं जपून ठेवलास, आणि त्याची मालिका केलीस.

हे कळल्यावर माझी जळजळ जायला हवी होती. गेली नाही. थोडी कमी झाली असेल. मला एवढंच दिसलं की जी जागा मला रोज मिळते म्हणून फिकी वाटते, तिच्याकडे तू दारातून बघत होतीस. आणि तुला मिळतं ते दारातलं स्वागत, त्याच्याकडे मी आतून बघत राहिले. आमच्या घरची रीत अशी की गौर बाहेरून आलेल्या बाईनंच आणायची, सुनेनं नाहीतर लग्न होऊन गेलेल्या लेकीनं. पूर्वी आई आणायची, गुडघे गेल्यापासून संपदा आणते. दार मी उघडते, पायांवर दूधपाणी मी घालते. माझं लग्न झालं नाही, मी कुठे गेले नाही, त्यामुळे त्या दाराच्या बाहेर उभी राहून आत ये म्हटलेलं मी कधी ऐकलंच नाही.

परवा मी आईला म्हटलं, यंदा गौर मी आणणार. ती म्हणाली, तू कशी आणशील, तू घरची. मी म्हटलं, आदल्या दिवशी रामनगरला मामाच्या विश्वेशकडे राहायला जाते, ते घर परकं नाही पण बाहेरचं आहे. सकाळी पुलावरून येईन, घाटाशी उतरून खडे पाण्यात बुडवीन आणि दाराशी येईन, मग तर झालं? आई बराच वेळ सुपारी कातरत राहिली, एक डोळा मिटून. मग म्हणाली, ये बापडी, तुझी हौस तरी पुरी होऊ दे. पण तू बाहेर असलीस तर दार कोण उघडणार? दार उघडायला घरची लेक लागते. इरा, हे सगळं इतकं लांबण लावून मी लिहिलं ते तुला एवढंच विचारायला. गौरीच्या आदल्या दिवशी येऊन राहा. पावलं तू काढ, डावी काढ नाहीतर उजवी. मी डब्यातले सहाच्या सहा घेऊन येईन, खणावरच मांडायचे आहेत. माझ्या पायावर पाणी घालताना जरा सावकाश घाल, मला ते पहिल्यांदाच मिळणार आहे.

अजून पुरती न निवलेली, तरी तुझीच,
शरदिनी