उसनं पिस्तूल

३ मार्च
पिस्तूल मनुरेवाच्या गनस्मिथकडे दुरुस्तीला टाकलं. नेम धरायची साइट वाकडी आहे, म्हणून माझ्या गोळ्या डावीकडे जातात. शूटिंग क्लबच्या टीममध्ये एकच जागा उरलीय, २१ला त्यासाठी मॅच. जिंकेल तो हॅमिल्टनला स्पर्धेला जाणार. जागा आपलीच. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळवूनही टाकलं.
संकल्प: मॅचपर्यंत कुणावरही चिडायचं नाही.

७ मार्च
चिडलो. इंद्रनीलकडे दोन पिस्तुलं आहेत. कोथरूडपासूनचा दोस्त, आता हिल्सबरोत राहतो, माझ्याच क्लबात, याच मॅचला उतरलाय. एक दे, घरी आरशासमोर पकड बसवतो, म्हटलं. नाही म्हणाला! लायसन्स तुझं असेल, पण या पिस्तुलाचं परमिट माझ्या नावावर आहे, म्हणे. रेंजवर ये, माझ्या शेजारी उभा राहा आणि हवं तेवढं मार. मी काय शिकाऊ आहे? ख्रिसमसपासून माझा लॉनमोवर याच्या गराजमध्ये पडलाय. त्याचं परमिट विचारलं होतं का मी?

८ मार्च
इराला सगळं सांगितलं. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, इट्स लिटरली द लॉ." पोटची पोर!

१० मार्च
बायको विनयाच्या हातच्या चकल्या डबा भरून इंद्रनीलला पाठवल्या. विनया याला लाच म्हणते. हा आपुलकीचा भाग आहे. उत्तर आलं, इथल्या लोकांच्या भाषेत: चकल्या हीप्स भारी, पिस्तूल नाही.

१२ मार्च
थेट पोलिसांनाच फोन केला. समजा, एका गृहस्थाला मित्राचं पिस्तूल घरी न्यायचं असेल तर, असं विचारलं. बाईंनी किया ओरा असा इथला नमस्कार गोड केला, बाकी सगळं इंद्रनीलचंच बोलल्या. वर गृहस्थांचं नाव विचारलं. फोन ठेवला. मग आठवलं, नंबर दिसतो. तपासणीला आले तर म्हणून संध्याकाळभर पिस्तुलाची तिजोरी पुसत बसलो. ती रिकामीच आहे.

१४ मार्च
लॉनमोवर परत आणला. तत्त्वाचा प्रश्न आहे. आमच्याकडे लॉन नाही.

२० मार्च
पिस्तूल परत मिळालं. गनस्मिथ म्हणतो, काहीच बिघाड नाही. म्हाताऱ्याला दिसत नसणार. मी त्या पिस्तुलाला हात लावणार नाही. उद्या रेंजवर इंद्रनीलचंच वापरीन, त्याच्या शेजारी उभा राहून. माझं वाकडं त्याला देईन. नियमात बसतं. भोग म्हणावं.

२१ मार्च
इंद्रनीलच्या पिस्तुलाची साइटही वाकडी आहे. माझ्या गोळ्या डावीकडे. शेवटून पहिला. माझ्या पिस्तुलाने इंद्रनील पहिला आला. डोकं फिरलंय. आज जास्त लिहीत नाही.

२२ मार्च
इंद्रनील डबा परत द्यायला आला. डबा रिकामा परत करायचा नाही एवढं शिकलाय. आत पेढे, टीममध्ये निवड झाल्याचे. मी एकही खाणार नव्हतो. तीन खाल्ले.
मग हळूच म्हणाला, तुझं पिस्तूल हाताला छान बसलंय, हॅमिल्टनला वापरू का? मी ताडकन सांगितलं, तसं कुणाच्या हाती देता येत नाही, परमिट माझ्या नावावर आहे. मला स्वतः घेऊन यावं लागेल आणि तू मारत असताना शेजारी उभं राहावं लागेल. तो लगेच हो म्हणाला.
ग्रुपवर कळवलं: टीमबरोबर हॅमिल्टनला जातोय.