न घेतलेलं नाव

३ नोव्हेंबर
सून चंदनानं बटण दाबून दिलंय. मी बोलते, फोन लिहितो.
दुपारी फोनवर जिनेश दिसला. माझाच पोरगा! तेच नाक, तोच निळा शर्ट. "अव्वा, फोनवर नंबर आलाय, वाचून दाखव. मी अडकलोय." मी म्हटलं, मेल्या, तुझ्या आईला कधीपासनं वाचाय यायला लागलं? फोन बंद!
सुनेनं पुण्याला लावला. खरा जिनेश कंपनीत जेवत होता.
वाचता येत न्हाय म्हणून वाचले!

४ नोव्हेंबर
जैन बस्तीत देवदर्शनाला गेले, तिथं बायकांना सगळं रंगवून सांगितलं. शेजारच्या स्वप्नालीनं व्हिडिओ काढून टाकला कुठंतरी. "आज्जी, फेमस झालासा की!"

७ नोव्हेंबर
तो खोटा जिनेश फोनवर परत आला. "अव्वा, तुला वाचता येत न्हाय, चंदनाला बोलाव." मी फोन कॉटवर फेकला. ह्याला कुणी सांगितलं?

९ नोव्हेंबर
जिनेश सुट्टीला घरी आलाय. म्हणतो, "आधी कॉम्प्युटरनं बनवलेल्या असल्या व्हिडिओत डोळे मिटायचे न्हाईत, ओठ मागं ऱ्हायचे. लोक चूक दाखवायचे, पुढच्या वेळी ती दुरुस्त! आता खळीसुद्धा जमती. तू तर व्हिडिओत चूक सांगूनच टाकलीस."
म्हणजे शाळेत न गेलेली मी त्या चोराची मास्तरीण!
जेवताना जिनेशच्या गालाला हात लावून बघितला. "काय गं?" "तूच हाईस न्हवं?" तो हसला. मला हसू आलं न्हाय.
खूण मीच ठरवली. फोनवर जिनेशनं आधी ह्यांचं नाव सांगायचं. लगीन झाल्यापासनं मी ते घेतलेलं न्हाय, हे गेल्यावरबी न्हाय. म्हणजे बस्तीत माझ्या तोंडातनं फुटायची भीतीच न्हाय! जिनेश म्हणाला, "चालंल."

१४ नोव्हेंबर
फोन वाजला की आधी चष्मा पुसते. जिनेशनं नाव सांगितलं तरी मी ओठच बघत बसते. काय बोलला ते कळतच न्हाय. पोटच्या पोराच्या तोंडाची भीती!

१९ नोव्हेंबर
फोनवर आला. रडत होता. मी नाव विचारलं — बरोबर सांगितलं! म्हणाला, हिरव्या बटणावर बोट ठेव. ठेवलं.
चंदनानं खातं बघितलं, सगळं रिकामं! खरा जिनेश पुण्यातनं म्हणतोय, "अव्वा, माझ्या प्रत्येक कागदावर मधलं नाव तेच हाय गं. माझ्याबी ध्यानात आलं न्हाय."
सगळ्या जगाला ठाऊक. माझंच तेवढं तोंड बंद.
घे, लिही — नेमगोंडा.