नेमाचं तपेलं

॥ श्री ॥

मु. कुंभार पिंपळगाव
भाद्रपद शुद्ध ९, शके १८६५

चि. बद्रीनाथ यास झुंबरबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं आम्ही खुशाल. तिकडं तुम्ही खुशाल न्हाईत, हे कळायला मला बाजारात जावं लागलं. पुखराज शेटजींच्या दुकानचा गाडीवाला सरकी भरायला आल्ता. तो म्हणला, बद्रीभाऊची तुळजा महिन्यापासून अंथरुणाला खिळली. माझी नात आजारी, अन् मला खबर देणारा कोण, तर गाडीवाला! तू दिवसभर शेटजीची पत्रं लिहितोस. आईला चार ओळी लिहायची वेळ आली की दौत वाळती काय?

दुर्गानं लिहू दिलं नसंल, असंबी मनात आलं. म्हातारी येऊन चूल बळकावंल, अशी तिला धास्ती. तिला सांग, मला माझीच चूल फुकून दम लागतो.

गाडीवाल्यानं आणिक एक सांगितलं. तुमच्या गल्लीत म्हणं भानामतीची बोलणी चालू हाईत. तुळजाला आता पंधरावं लागलं. पोरीच्या पोटात दुखतं तर कारण पोटात हुडकावं, शेजारणीच्या घरात हुडकू नये. मला सगळं बैजवार लिही. कवापासून दुखतं, कुठं दुखतं, तोंडाचा रंग कसा हाय. वैद्य काय म्हणला ते मागून लिही, आधी तुझ्या डोळ्याला काय दिसतं ते लिही. मास्तरानं मला अर्धीच धुळाक्षरं शिकवली, बाकीची म्या पोथीवरून ओरबाडली, तरी तुझं पत्र मी एकटी वाचीन. दुसऱ्याकडून वाचून घेऊन गावभर करणार न्हाई.

लोभ हाय, पण सध्या रागाच्या खाली दबलाय.

झुंबरबाई

॥ श्री ॥

जालना
भाद्रपद शुद्ध १३

तीर्थरूप मातोश्रींचे सेवेशी, बालक बद्रीनाथचे साष्टांग नमस्कार. वि. वि.

आपले पत्र पावले. आपला राग रास्त आहे. तुम्हाला घोर लागू नये म्हणून लिहिले नाही, आणि रोज वाटे की उद्या बरी होईल.

नागपंचमीच्या सुमारास पहिल्यांदा पोटात कळ आली. बेंबीभोवती पीळ पडतो आणि पोर गुडघे छातीशी घेऊन लोळते. परसाकडला चार-चार दिवस होत नाही. ताप नाही. तोंड राखेसारखे झाले आहे. आठ दिवसांपासून उजवा हात मनगटातून लोंबतो, पाण्याचा तांब्या उचलत नाही. वैद्यांनी वायू म्हणून काढा दिला, हकीमसाहेबांनी गरमी म्हणून सरबत दिले. दोन्हींचा काडीचा उपयोग नाही.

मग दुर्गाचे भाऊ कडूबा यांनी भोकरदनकडचा एक जाणता आणला. त्याने लिंबू कापले आणि सांगितले की पांढऱ्या कपाळाची बाई आहे, घरापासून सात पावलांवर राहते, तिने खाण्यातून केले. आमच्या शेजारी साळूबाई म्हणून एक विधवा बाई आहे. दळण-कांडण करून राहते. नागपंचमीला तिने तुळजाला दोन पेरू दिले होते. त्याच रात्री पहिली कळ आली. आता गल्लीत तिच्याशी कोणी बोलत नाही.

मला हे पटते असे नाही, माय. पण मी बाप आहे. पोर रात्रंदिवस विचारते की मला काय झालंय, आणि मला उत्तर देता येत नाही. मला कारण पाहिजे. कोणतेही चालेल, पण पाहिजे.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू द्यावा.

आपला बद्रीनाथ

॥ श्री ॥

कुंभार पिंपळगाव
भाद्रपद वद्य २

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद. वि. वि.

कोणतंबी कारण चालंल म्हणतोस? कारण म्हणजे काय ढोर हाय, दावणीला कोणतंबी बांधलं की झालं? तुझ्या बापानं तुला परतूरच्या शाळेत घातलं, ते लिंबू कापणाऱ्याम्होरं मान हालवायला न्हाई. सात पावलांवर तर तुमच्या गल्लीचा मारुतीबी हाय. त्याला का धरत न्हाईत? त्याच्या कपाळाला शेंदूर हाय म्हणून सुटला काय? अन् पांढऱ्या कपाळाची तर मीबी हाय.

दोन पेरू खाऊन महिनाभर कोणाचं पोट पिळत न्हाई. अन् पोटाचं दुखणं मनगटात कसं उतरलं, हे त्या जाणत्यानं सांगितलं काय? न्हाई सांगितलं. त्याला पोरीचा हात दिसलाच न्हाई, त्याला फक्त बिनमालकाची बाई दिसली.

आता मी सांगते ते बराबर कर. शहरात मिशनचा दवाखाना हाय, तिथं गोरी बाई डॉक्टर बसती असं ऐकून हाय. तुळजाला गाडीत घालून तिथं ने. विटाळ होईल म्हणून दुर्गा आडवी आली, तर म्हणावं विटाळ माझ्या नावावर घाल. डॉक्टरीण काय विचारती, कुठं हात लावून बघती, समदं ध्यानात ठेव अन् मला कळव. दुसरं, तू स्वतः बसून हुडक. घरात पाच माणसं, एकाच चुलीचं खाता. मंग चार धडधाकट अन् एकच आजारी कसं? तुळजा असं काय खाती जे बाकीचे खात न्हाईत? ते हुडक, साळूबाईचं पाऊल मोजत बसू नको.

त्या बाईच्या अंगाला कोणी हात लावला तर मला तोंड दाखवू नको. माया हाय म्हणून लिहून राह्यले.

झुंबरबाई

॥ श्री ॥

जालना
भाद्रपद वद्य ९

तीर्थरूप मातोश्रींस बद्रीनाथचे साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमच्या हुकमाप्रमाणे तुळजाला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिले, हात पाहिला, आणि मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरडीच्या कडेने निळसर काळी रेघ आहे, ती त्यांनी मला दाखवली. आम्हाला घरात असून कधी दिसली नव्हती. त्यांनी विचारले की घरी कोणी छापखान्यात आहे काय, रंगाचे काम करते काय. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या की पोरीच्या पोटात शिसे जात आहे, कुठून ते शोधा, नाहीतर हात कायमचा जाईल आणि पुढे जीवही जाईल.

माय, मी सारे घर उलटेपालटे केले. शिशाचा तुकडा नाही. कडूबा हसतात. म्हणतात, ज्या बाईला आपली भाषा नीट येत नाही तिला आपला रोग काय कळणार.

तुम्ही विचारले की ती वेगळे काय खाते. काहीच नाही. चांगलं स्थळ यावं म्हणून तुम्ही आषाढीपासून चातुर्मासाचा नेम धरायला लावला, तेवढाच वेगळा. रात्री तुमच्या पितळेच्या तपेल्यात ज्वारीची आंबील आंबत ठेवते आणि सकाळी तीच पिते. नेमाचं भांडं म्हणून त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही, तेव्हा तिथे संशयाला जागाच नाही. ती तर म्हणते की आजीच्या तपेल्यातली आंबील आंबट असून गोड लागते. दुखण्यातही तिने नेम मोडला नाही.

एक वाईट गोष्ट लिहायची राहिली. सर्वपित्री अमावस्येला साळूबाईला मारुतीच्या पारावर आणायचे ठरले आहे. जाणता म्हणतो, पुढचे दात पाडले की तिच्या तोंडचा मंत्र चालणार नाही. मी विरोध केला, पण दुर्गा पाया पडून रडते. माझा आवाज कमी पडतो.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारा,

बद्रीनाथ

॥ श्री ॥

कुंभार पिंपळगाव
भाद्रपद वद्य १२

बद्रीनाथ, आशीर्वाद मागून देते, आधी काम ऐक.

हे पत्र टपालात टाकलं न्हाई. आपल्या गावचा कचरू ते घेऊन परतूरला रेल्वेत बसून येतोय. पत्र हातात पडलं की पहिलं ते तपेलं घराबाहेर काढ. तुळजाला त्यातला थेंब देऊ नको. तपेलं घेऊन डॉक्टरीणीकडं जा अन् म्हण, शिसं घावलं.

ते म्या दिलंय.

चैतात कल्हईवाला इमामभाई आल्ता. म्हणला, माय, लढाईपायी कथील येईना, या सालाला भांडी तशीच राहू द्या. मला ते कसं चालावं? नातीच्या नेमाला भांडं पाठवायचं, अन् कल्हईबिगर? तुझा बाप ठासणीची बंदूक ठेवायचा, त्याचं गोळ्या ओतायचं शिसं माळ्यावर पडून होतं. म्या ते आणून त्याच्याम्होरं टाकलं. इमामभाईनं कानाला हात लावला. म्हणला, शिसं खाण्याच्या भांड्याला लावत न्हाईत, ते खराब असतं. म्या त्याला म्हणलं, तेबी पांढरं अन् हेबी पांढरं, तू मला शिकवू नको, मी तुझ्यापेक्षा चार दिवाळ्या जास्त बघितल्या. जरासं कथील त्याच्याकडं उरलं होतं, त्यात शिसं मिसळायला लावलं. तो नको नको म्हणत होता. तपेलं चांदीवाणी चमकलं अन् मी माझ्याच हुशारीवर खूश झाले. दोन दिस त्यात पाणी ठेवून प्यायलेबी. काही झालं न्हाई. पण आंबील म्या त्यात कधी ठेवली न्हाई. आंबट शिशाला खातं, हे आता तुझ्या पत्रावरून ध्यानात येऊन राह्यलंय.

वाचून तुला लाज वाटंल. ती माझी हाय, तू उचलू नको.

आता आमावस्येचं. हे पत्र कडूबाला वाचून दाखव, त्या जाणत्याला दाखव, पाराच्या पायरीवर उभा राहून वाच. तुझा आवाज कमी पडत असंल तर कचरूला वाचायला दे, तो गावात दवंडी देणाऱ्याचा लेक हाय. दात पाडायची येवढीच हौस असंल तर म्हणावं पिंपळगावला या. खाण्यातून ज्या बाईनं केलं ती इथं बसली हाय. चारच दात उरलेत, काम लवकर उरकंल.

तुळजाला म्हण, नेम सुटला. देवाला काय सांगायचं ते मी बघून घेते.

झुंबरबाई

॥ श्री ॥

जालना
आश्विन शुद्ध ६

तीर्थरूप मातोश्रींस साष्टांग नमस्कार. वि. वि.

कचरू वेळेवर पोचला. डॉक्टरीणबाईंनी तपेले ठेवून घेतले. त्या म्हणाल्या, आणखी महिना गेला असता तर सांगता येत नव्हते. पोटाची कळ आता दिवसाआड येते आणि लवकर जाते. काल तुळजाने अर्धी भाकरी आपण होऊन मागून खाल्ली. हाताला वेळ लागेल, पण येईल असे म्हणाल्या.

अमावस्येला साळूबाईला पारावर आणले नाही. पत्र मात्र मी पारावर वाचले नाही, माय. घरात कडूबांना आणि दुर्गाला वाचून दाखवले. गल्लीत एवढेच सांगितले की एका कल्हईवाल्याने आम्हाला फसवून खराब कल्हई लावली. जाणत्याला परत पाठवले. परतूरच्या चांगल्या घरातून तुळजासाठी विचारणा आली आहे. पोरीच्या आजीनेच असे केले, हे त्यांच्या कानी गेले तर काय म्हणतील? साळूबाईकडे अजून कोणी जात नाही, पण लोक हळूहळू विसरतील. दिवाळीत दुर्गा तिला लुगडे देणार आहे. तरी ही गोष्ट आपल्यातच राहू द्यावी, एवढी लेकराची विनवणी.

आपला बद्रीनाथ

॥ श्री ॥

कुंभार पिंपळगाव
आश्विन शुद्ध १४

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू दुकानात गेल्तास तेव्हा मी येऊन गेले. दुर्गानं तुला रडत अर्धं सांगितलं असंल, उरलेलं माझ्याकडून घे.

वाटेत परतूरला इमामभाईच्या घरी गेले. तुझ्या एका शब्दानं गावोगावच्या बायका त्याला दारातून हाकलायला लागल्या असत्या. तो तर नको म्हणत होता! त्याला म्हणलं, कोणी विचारलं तर माझं नाव घे, बापाच्या नावासकट घे. तो भाता दाबत राह्यला.

जालन्याला आधी तुळजाला बघितलं. पोर हाडाची काडी झालीय, पण डोळ्यात चमक परत आलीय. तिला समदं सांगितलं. ती म्हणली, आजी, पुढच्या साली नेम तूच धर. बद्री, तुझ्यापरीस तिला उत्तर लवकर सुचतं.

मंग बायका पाणी भरायला निघायच्या टायमाला पारावर जाऊन उभी राह्यले. कडूबा आडवा आला, मावशी घरची अब्रू जाईल म्हणला. म्या म्हणलं, एका बाईचे दात पाडायला निघालास तेव्हा अब्रू कुणाच्या गोठ्यात बांधली होतीस? तो बाजूला झाला. म्या मोठ्यानं सांगितलं की शिसं माझं, हट्ट माझा, कल्हईवाल्याचा दोष न्हाई अन् साळूबाईच्या पेरूत पेरूच होता. परतूरच्या सोयऱ्यांना कळंल तर कळू दे. शेजारणीवरचा आळ तसाच ठेवून ज्या घराला सून पाहिजे, त्या घरात माझी नात द्यायची न्हाई.

तिथून साळूबाईच्या दारात गेले. तिनं पारावरचं ऐकलं होतं. आतूनच तिनं मला एक विचारलं. डॉक्टरीणीच्या तोंडून शिसं हा शब्द निघाला नसता, तर आमावस्येला तुम्ही मला वाचवलं असतं काय? खोटं बोलायला म्या तिथवर रेल्वेच्या डब्यात अंग घासत गेले नव्हते. म्या म्हणलं, भांडले असते. पण वाचवलं असतं का, ते मला सांगता येत न्हाई.

तिनं दार लावून घेतलं. बराबर केलं.

तेव्हा ते लुगडं घरातच ठेव, ती घेणारी न्हाई. तू अन् दुर्गा दोघं जा. हातात काही नेऊ नका. दारात उभं राहून तुम्ही काय करायला निघाल्ता ते तुमच्या तोंडानं म्हणा. दार उघडलं न्हाई तर दुसऱ्या दिवशी जा. तिसऱ्या दिवशीबी उघडलं न्हाई, तर चौथ्या दिवशी जा. ती किती दिस लावून घेती ते तिच्या मनावर, अन् तुम्ही किती दिस जाता ते मला दर आठवड्याला कळव.

लोभ ठेव. न ठेवलास तरी पत्र टाकत जा.

झुंबरबाई