दोरीच्या आतल्या फळीवर बसू देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक (डॉ. पेनिसिमानी मोआला),
सार्वजनिक कार्यक्रम विभाग,
विद्यापीठ, लोतोफाले, टोंगाटापू.

विषय: कार्यशाळा, व्याख्याने व प्रदर्शने यांना येण्यास माझ्यावर घातलेली बंदी उठवून, प्रदर्शनातील फळीवर येत्या शनिवारी बसू देण्याबाबत.

संदर्भ: आपल्या सहीचे बंदीचे पत्र. (ते आपल्या शिपायाने दारातूनच दिले. बस म्हटले तर बसला नाही, पाणी विचारले तर घेतले नाही. कार्यालयाने त्यालाही काही शिकवावे.)

महोदय,

मी खाली सही करणार श्रीमती लोसालिने मोआला, राहणार विद्यापीठाच्या मागच्या कुंपणाला लागून, नीरफणसाच्या झाडाचे घर, अर्ज करते की:

१. आपल्या पत्रात लिहिले आहे की सदर कार्यक्रम फक्त विद्यापीठातील मंडळींसाठी खुले आहेत, अर्जदार ना विद्यार्थी ना कर्मचारी, तरीही ती वारंवार येते, खाद्यपदार्थ आणते, विनापरवानगी भाषण करते, आणि मागील कार्यशाळेत तिने प्रदर्शनातील वस्तूवर बसून ती सोडण्यास नकार दिला. सबब सहा महिने प्रवेश बंद.

यातले एकही वाक्य खोटे नाही. पण खरे बोलूनही माणसाला उघडे पाडता येते. म्हणून खुलासा करते.

२. खाद्यपदार्थांबाबत. कोणाच्या घरी चार माणसे जमणार असतील तर तिथे हात हलवत जायचे, असे मला माझ्या आईने शिकवले नाही. उकडलेले अळूचे कांदे आणि नारळाच्या दुधात शिजवलेली पाने मी टोपलीत झाकून आणत होते. दारातली मुलगी म्हणाली, "आजी, आत खायला बंदी आहे." मी म्हटले, "मग बाहेर खा, पण खा. हाडं मोजता येतील तुझी." ती हसली आणि दोन कांदे तिनेच संपवले. तिचे नाव मी सांगणार नाही, नाहीतर असले पत्र तिलाही जाईल.

३. भाषणाबाबत. ब्रिस्बेनहून एक गोरे गृहस्थ डासांवर बोलायला आले होते. घाम पुसत पुसत बोलले बिचारे. बोलून खाली बसले, तर एका मुलाने माईकमध्ये "थँक्यू" एवढे म्हटले आणि दिवे लावले. महोदय, समुद्र ओलांडून आलेल्या पाहुण्याचे आभार कोणी वडीलधाऱ्याने उभे राहून मानायचे असतात. नाही मानले तर तो काय सांगेल तिकडे जाऊन? की लोतोफालेला माणसेच उरली नाहीत? सभागृहात माझ्याइतके पांढरे डोके दुसरे नव्हते, म्हणून मी उठले. आभार जरा लांबले, हे मान्य. पण देवाचे मानायचे, राजाचे मानायचे, पाहुण्याच्या आईबापांचे मानायचे, आणि डासांचेही मानावे लागले, कारण ते नसते तर पाहुणा आला नसता. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आले. आपले कर्मचारी घड्याळ दाखवत होते.

मी व्याख्यानांना का येत होते, हेही विचारले असते तर सांगितले असते. समुद्रकाकडीवरचे ऐकले, भूकंपावरचे ऐकले, बँका कशा बुडतात तेही ऐकले. निम्मे कळले नाही. पण तिथे खुर्चीला खुर्ची लागून असते. शेजारचा खोकला तर कळते की कोणी खोकले. माझ्या घरी रेडिओ बोलतो, पण मी शिंकले तर थांबत नाही.

४. आता प्रदर्शनातील वस्तूबाबत. हा मुद्दा मुख्य आहे, कृपया उभ्याने वाचू नये.

आपण ज्याला वस्तू म्हणता ती आमच्या बायकांची सालकापड जोडायची फळी आहे. झाडाची साल मोगरीने कुटून तिच्या पांढऱ्या पट्ट्या करणे हे एकटीचे काम आहे, एकटीने होते. पण त्या पट्ट्या एकावर एक आडव्या-उभ्या डकवून, रंग घासून, त्याचे घराएवढे न्गातू, म्हणजे अंथरायचे मोठे सालकापड, करायचे तर बायका फळीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बसतात. अलीकडचीने अलीकडचे खळीने चिकटवायचे, पलीकडचीने पलीकडचे, आणि मध्ये हात भेटले की पुढे सरकायचे. आमच्या गटात फळीच्या दोन्ही बाजूंना बसायला जागा पुरायची नाही. मग कोणी ऑकलंडला गेली, कोणी सिडनीला, कोणी चर्चच्या मागे मातीत गेली. वादळात गटाची शेड उडाली तेव्हा फळी तेवढी उरली. तेव्हा आपण स्वतः माझ्या ओसरीवर येऊन म्हणालात, "द्या आमच्याकडे. पावसात कुजेल. हवी तेव्हा येऊन बसा, तुमचीच आहे." मी दिली. आता तिच्याभोवती लाल दोरी आहे आणि हात लावू नये अशी पाटी आहे.

मला ती आता हवी आहे. माझी भावजय वासिती ऑकलंडच्या इस्पितळात आहे. तिचे रक्त मशीनने धुतात, पण आता रक्तच म्हणते की पुरे. ती आणि मी जन्मभर त्या फळीवर समोरासमोर बसलो. ती माझ्या भावाची बायको, म्हणजे आमच्या रीतीने माझ्याहून खालची. तिने माझ्यापुढे नमून राहायचे, आणि सगळ्यांसमोर ती राहायचीही. पण फळीवर बसली की जिभेची वेसण सुटायची. "वन्सं, जीभ आत घ्या, खळीत पडेल." मी म्हणायचे, "तू तुझी रेघ सरळ ठेव, भावाने काय बघून केली तुला." ती म्हणायची, "तुम्हाला नाही कोणी केलं, ते बघून." असे बोलायची. माझ्याशी. आणि मी ऐकून घ्यायचे, कारण खळ वाळत असायची आणि उठता येत नसायचे.

तेव्हाच आमचे ठरले होते की जी आधी जाईल तिच्याखाली अंथरायचे न्गातू दुसरीने करायचे.

तिची लेक फोनवर म्हणाली, "आत्या, कशाला त्रास घेता? इथं शनिवारच्या बाजारात तयार मिळतं." बाजारात! कोणी कुटले, कोणी रंगवले, हसत होत्या की भांडत होत्या, काही माहीत नाही, अशा कापडावर वासितीला निजवायचे? मी फोन ठेवला.

पट्ट्या माझ्या कुटून झाल्या आहेत. सगळे घर पांढरे झाले आहे, चटईवर, कपाटावर, पलंगावरसुद्धा. मी जमिनीवर निजते. जेवणाचे टेबल उलटे घालून एकटीने डकवून पाहिले. माझा हात पलीकडे पोचत नाही. उठून पलीकडे जाते, गुडघे वाकवून बसते, तोवर अलीकडची खळ वाळून कापड फुगते. पुन्हा सोलते, पुन्हा लावते. आता त्या पट्टीला भोके पडली.

५. कार्यशाळेच्या दिवसाबाबत. "पारंपरिक सालकापड: चला, करून पाहू" अशी पाटी मी कुंपणावरून वाचली. खालची बारीक अक्षरे दिसली नाहीत, पण फळीचे चित्र ओळखले. मला वाटले, देवाने ऐकले. खळ शिजवून घेतली, पट्ट्या घेतल्या आणि गेले. आत मुले-मुली टेबलांवर कागदाला कागद चिकटवत होती आणि फळी कोपऱ्यात दोरीत उभी. मी दोरीखालून गेले, फळी आडवी केली, आणि माझ्या जागेवर बसले. ती जागा शेवटची, उजवी. माझ्या हातांनी घासून लाकूड तिथे खोल झाले आहे, अजून आहे.

आमच्यात एक बाई फळीला बसून मोगरीने लाकडावर ठोके देते, आणि ते ऐकून बाकीच्या हातातले टाकून येतात. बोलवायला जावे लागत नाही. मी ठोके दिले. मुले आली. खूप आली. वाकली, फोन काढले, फोटो घेतले. एकीने विचारले, "आजी, जरा इकडे बघता?" मी बघितले. समोर बसली कोणीच नाही.

सुरक्षारक्षक लिसियाते आला. चांगला मुलगा आहे. म्हणाला, "आजी, उठा ना, माझी नोकरी जाईल." मी म्हटले, "पट्टी लागेपर्यंत उठायचं नसतं रे. तुझ्या आजीला विचार." तो म्हणाला, "आजी वारली." तरी मी उठले नाही. शेवटी दोघांनी धरून उठवले, खळ जमिनीवर सांडली, त्यात माझीच चप्पल घसरली आणि लोक हसले. हे आपल्या पत्रात नाही, म्हणून माहितीसाठी.

६. आपल्या कार्यालयाच्या अभिलेखासाठी हेही नमूद करते की सदर श्रीमती वासिती मोआला या आपल्या मातोश्री आहेत आणि अर्जदार ही आपल्या वडिलांची बहीण आहे. पत्रात आपण मला "सदर महिला" असे लिहिले आहे. तक्रार नाही. कार्यालयात असेच लिहितात. आपण आईसाठी डॉक्टर लावलेत, विमानाची तिकिटे काढलीत, ते मी जाणते. या घरी मात्र गेल्या ख्रिसमसनंतर पाऊल टाकले नाहीत, तेही जाणते. कुंपण माझ्या पडवीतून दिसते. आपली गाडीही दिसते.

७. तरी विनंती अशी की:

(अ) बंदी उठवावी. पूर्ण उठवता येत नसेल तर एका शनिवारपुरती उठवावी.

(आ) फळीभोवतीची दोरी त्या दिवशी काढावी. दोरीच्या आत जिवंत माणसाला परवानगीच नसेल, तर मला त्या फळीचा भाग समजून पाटी लावावी: लोसालिने, लोतोफाले, हाड-कातडे, साधारण सुस्थितीत. वस्तूला ओळखपत्र विचारत नाहीत.

(इ) कापड पुरे होईपर्यंत फोटो काढणाऱ्यांना आत सोडू नये. बसणाऱ्यांना सोडावे.

(ई) कोणीच बसणार नसेल तर पलीकडच्या जागेवर आपण स्वतः बसावे.

हे शेवटचे वाचून आपल्याला हसू येईल किंवा राग येईल. पुरुष फळीला बसत नाहीत, हे मला माहीत नाही की काय? लोतोफालेत आजवर कोणी बसला नाही. बसलात तर बाया आठवडाभर बोलतील आणि चर्चमध्ये पंखे हलवत बघतील. बघू देत. काम अवघड नाही. मी सांगेन तिथे खळ लावायची, मी थांब म्हणेन तिथे थांबायचे, आणि तुझ्या आईसारखे मधेमधे मला उलटे बोललास तरी मी ऐकून घेईन. रविवारी काम करता येत नाही आणि पुढच्या शनिवारची खात्री ऑकलंडचे डॉक्टर देत नाहीत. म्हणून हाच शनिवार.

आता शेवटचे. गावात कोणी विचारेल की लोसालिनेने अर्ज कशाला लिहिला? ती आत्या आहे. आमच्यात आत्याने सांगितले की भाच्याने जागचे उठायचे असते, मग तो संचालक असो की मंत्री. कुंपणावरून एक हाक मारली असती तर आपण आला असता. मान खाली घालून आला असता, बसला असता, आणि मनात घड्याळ बघितले असते.

आत्याच्या हुकुमाला नाही म्हणता येत नाही. अर्जाला म्हणता येते. म्हणून अर्ज केला आहे.

शनिवारी सकाळी दव वाळले की मी खळ घेऊन मागच्या फाटकाशी उभी राहीन. लेखी उत्तर पाठवू नये.

आपली,
या कागदापुरती नम्र,

लोसालिने मोआला
लोतोफाले, बुधवार, ७ ऑगस्ट २०१९

सोबत जोडले आहे:
१. बंदीचे पत्र, परत.
२. पानात बांधलेले जेवण. आजच खावे.
३. वासितीचा खळ लावायचा बोळा. ती डावखुरी आहे, त्यामुळे डाव्या हातालाच बसतो. आपणही लहानपणी डाव्या हाताने जेवायचात, मग शाळेने ती सवय मोडली. धरून पाहावा.