लांब देठाची हृदयं

११ जानेवारी १९८८
बदलापूरला आले. हेंद्रेपाड्यातलं घर अपेक्षेपेक्षा चांगलं आहे. खाली कार्यशाळा, वर माझी खोली, खिडकीशी पेरूचं झाड. हेमचंद्र सर निवृत्त प्राध्यापक आहेत. बोकड, डुक्कर, म्हैस अशी तिघांची हृदयं उभी चिरून, बरण्यांत घालून ते कॉलेजांना पुरवतात. चिरणं आणि लेबलं लिहिणं माझ्याकडे. प्राणिशास्त्राची एम.एस्सी. अखेर उपयोगी पडली. त्यांच्या पत्नी कुमुदिनीवहिनींनी पोहे दिले आणि विचारलं, हृदयं चिरणाऱ्या मुलीला स्थळ कोण सांगणार? सर म्हणाले, आलंच तर आधी टेबलावर झोपवू. मीही हसले.

१९ जानेवारी
काम आवडतंय. म्हशीच्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची, निलयाची, भिंत चांगली जाड, बोकडाची तिच्या निम्मीही नाही. कप्पे मात्र सगळ्यांचे चारच. एक उणीव आहे. बरणीत मावावं म्हणून रक्तवाहिन्या देठाशीच छाटून येतात. तुलना करायची तर महाधमनीची कमान हवी: बोकडात आणि म्हशीत तिला एकच मोठी फांदी फुटते, डुकरात दोन. सर पुण्याला गेलेत, म्हणून बादल्या आणणाऱ्या कमळाकरलाच सांगितलं, देठ लांब ठेव. तो म्हणाला, लंबा तो लंबा मॅडम, अपने को क्या.

२७ जानेवारी
लांब देठाची पहिली खेप आली. बोकड, एक फांदी. म्हैस, एक. डुक्कर, तीन.
दुसरं डुक्कर घेतलं. तीन.
पुस्तक उघडलं. गरज नव्हती. तीन माणसाला असतात.

२८ जानेवारी
सर परतल्यावर त्यांना सांगितलं. गप्प राहायला हवं होतं, पण चुकीचं लेबल मला लिहवत नाही. ते चिडले नाहीत. म्हणाले, इस्पितळातली बेवारस प्रेतं. डुक्कर मिळालं नाही की चालवून घ्यायचं, पोरांना काय कळतंय? मग फळीकडे बोट केलं. या प्रत्येक बरणीवर ‘डुक्कर’ लिहिलेलं अक्षर कुणाचं, बाई? चिरलंय कुणी?

३० जानेवारी
ग्रिलला कुलूप. वहिनी म्हणतात, चोऱ्या वाढल्यात गं. बाबांना लिहिलेलं पत्र त्यांनी टाकायला म्हणून नेलं. संध्याकाळी बंबात जळताना दिसलं.
बरण्या धुवायला येणाऱ्या वेणूबाई मोरीत कुजबुजल्या. हतं डुक्कर आनलेला मी कदी बगला नाय, पोरी. तुझ्या आदीची गावाला गेली म्हनतात, पन तिची चप्पल हतंच हाय. उद्या मागल्या दाराची कडी काढून ठेवणार आहेत. गप ऱ्हा म्हणाल्या.

३१ जानेवारी
वेणूबाई आल्या नाहीत. मागच्या दाराला आतून नवं कुलूप.
बादली आली. एकच. सर म्हणतात, तातडीचं आहे. आजवर सगळं फॉर्मेलिनमधून यायचं, ताठ, थंड. हे —
कोमट आहे. इस्पितळातून आलेलं कोमट नसतं.

नंतर
देठ लांब आहेत. सर माझ्या मागे खुर्चीवर बसून राहिले. मी मोजते का, ते बघत होते. मोजलं असतं तर कळलं असतं —
मोजलं नाही. कात्री घेतली आणि देठाशीच —
लेबल लिहिलं. डुक्कर. अक्षर सरळ आलं.

१ फेब्रुवारी
ग्रिल उघडी. सर म्हणाले, आता कुलपाची गरज नाही. खरंच उघडी. मी पायरीपर्यंत गेले. रस्ता दिसतो — रिक्षा उभी — पाय उचलत नाही. कुणाला काय सांगू? कापलं मी —

रिक्षातून एक मुलगी उतरली. ट्रंक घेऊन. जाहिरात वाचून आले म्हणाली. इथं पेरू छान धरलेत म्हणाली. वहिनी आतून हाक मारताहेत, तिला वर घेऊन ये गं, पोहे झालेत. ती माझ्याकडे बघून हसतेय. सांगायला हवं. आत्ताच, ती उंबरठा ओलांडायच्या आत. मी तिची ट्रंक उचलली —