तीनशे हाडांची दुरुस्ती

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? औषध वेळेवर घेतेस ना? माझी प्रकृती उत्तम आहे, अब्रूचं मात्र विचारू नकोस.

तुला ठाऊकच आहे, छापखान्यात प्रुफं तपासता तपासता माझे केस पिकले (आणि लेक झाली ती आत्ता, महिन्यापूर्वी). यंदा मालकांनी रोज पान फाडायच्या कॅलेंडरवर प्रत्येक पानामागे एकेक माहिती छापायची टूम काढली. आत्या, वाचताना मी खुळावलो गं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं घेतो (म्हणजे कोवळं म्हणून आपण जे ऊन अंगावर घेतो, ते मुळात शिळं). ओळीओळीला पेन्सिल थांबायची.

अशातच एक ओळ आली: नवजात बाळाला सुमारे तीनशे हाडं असतात. मोठ्या माणसाला दोनशे सहा, हे मला पाठ. मग एवढ्याशा जिवात जास्तीची मावणार कुठे? खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची चूक समजून मी कुणालाही न विचारता तीनशेचे दोनशे सहा केले, आणि कॅलेंडर छापून बाजारात गेलं.

परवा लेकीला तपासायला नेलं. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेमकं तेच पान, तांबड्या शाईने गोल केलेलं. हा शहाणा कोण, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. बायकोने इमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मान खाली घालून बोलणी खायच्या तयारीत. खरं सांगू? तोवर मी पोरीला उचललंच नव्हतं. मोडेलबिडेल अशी धास्ती वाटायची, म्हणून हाताला शाई आहे असं सांगून टाळायचो (सुट्टीच्या दिवशीसुद्धा). बाईंनी माझा हात धरून तिच्या टाळूवर ठेवला. मऊ, आणि खाली काहीतरी धडधडत होतं.

"इथली हाडं अजून एकमेकांना भेटायची आहेत," त्या म्हणाल्या. "दीडेक वर्षात भेटतील."

बाळाची पुष्कळ हाडं म्हणे सुटी असतात, वाढता वाढता सांधतात. डोक्याची तर मुद्दाम सुटी, जन्माच्या अरुंद वाटेतून येताना सरकता यावीत म्हणून. आत्या, बावीस वर्षं मी दोन अक्षरांत फट दिसली की खूण करत आलो. या फटीपुढे माझी पेन्सिल काय चालणार? घरापर्यंत पोरीला मीच आणलं, रस्ताभर पाऊल मोजून टाकत.

दुसऱ्या दिवशी मालकांपुढे कबुली दिली. त्यांनी सरळ डिंकाची बाटली माझ्या हाती दिली. आता उरलेल्या प्रतींवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवतोय.

तुझा भाचा

ता. क. बाळंतपणासाठी आलेल्या सासूबाई रविवारी परत गेल्या. मी सांभाळतो, असं मीच छातीठोकपणे सांगून बसलो. पोर आता माझ्या खांद्याशिवाय झोपत नाही आणि मला खांदे दोनच. मिळेल त्या गाडीने ये.

ता. ता. क. चिठ्ठ्या आत्ता नीट वाचल्या. 'नवजात बाळाला सुमारे तीनशे झाडं असतात.' प्रूफ मीच पाहिलं होतं, मांडीवर ती होती. चारशे चिकटवून झाल्यात.