पुलावरच्या बाईची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, जन्मभर लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवलेली विधवा, हे राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला मात्र दातांच्या डॉक्टरांनी दिला नाही. "काकू, माझा संबंध दातांपुरता," म्हणाले. साक्षीला आले, हेही नसे थोडके.

१. राहतं घर माझ्या मुलाला, पण कलम ४ मधल्या अटींवर.

२. बँकेतली ठेव आणि शिवणयंत्र सुनेला. माझं आजारपण तिने तोंड वाकडं न करता काढलं. कात्रीही तिलाच, पण तिने कागद कापायचा नाही.

३. दिरांना काही नाही. "या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस," असं त्यांनी माझ्या मुलीला सुनावलं, तेही माझ्याच घरात उभं राहून, मी बाजारात गेलेली असताना. ती गेली ती गेलीच. दिरांनी माफी मागितली तर चहा द्यावा. इस्टेट नाही.

४. बैठकीतलं चौकटीतलं चित्र. मुलगी गेल्यावर ती मोकळी भिंत बघवेना, म्हणून मी चित्र घ्यायला गेले. फ्रेमवाले म्हणाले, "ताई, हे घ्या, सोफ्याला शोभेल." सोफा गेला खड्ड्यात. चित्रात पुलाच्या पार पलीकडच्या टोकाला एक बाई होती, इकडे येणारी. पिशवी डाव्या खांद्यावर, मान किंचित कललेली. माझी मुलगी अशीच चालते. मी चकाकी नसलेली काच बसवून घेतली, तिच्याकडे बघताना मधे माझं तोंड नको म्हणून.

याच चित्राची दुसरी प्रत दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे. तिथली बाई अजून पलीकडच्या टोकालाच आहे. माझ्याकडची पूल ओलांडत आली. मुलगा म्हणतो, "आई, छापील चित्र आहे गं ते. त्यातली माणसं चालत नसतात." नसतील. पण मला भीती वाटते. ती दाराशी येईल आणि आत मी नसेन, या विचाराने माझा डोळा लागत नाही.

म्हणून चित्र भिंतीवरून काढू नये. दाराचं कुलूप बदलू नये. पूल रिकामा दिसला, तर कलम १ रद्द समजावं आणि घर मुलीला द्यावं. इतके दिवस कुठे होतीस, असं तिला कोणीही विचारू नये. आधी जेवायला वाढावं.

ठिकाण: राहतं घर, बैठकीची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर
सही (स्वहस्ते)

साक्षीदार:
१. फ्रेमवाले
२. दातांचे डॉक्टर

(खाली डॉक्टरांच्या अक्षरात) सही केल्यावर मी चित्र नीट पाहिलं. पुलावर कोणी नाही. काकूंना सांगणार होतो, पण त्या दार उघडायला गेल्या आहेत.